पंपाची लाल चिंधी

हिंगणी
दसऱ्यानंतरचा बुधवार

प्रिय मोनाली,

सप्रेम जय भीम.

आधी तुझी तब्येत सांग. सकाळी उठल्यावर पोटात कालवतं का, पाणी तरी ठरतं का? अंजू म्हणत होती, फोडणीचा वास आला की तू पदर नाकाला लावून अंगणात पळतेस. उशाशी फुटाण्याची पुडी ठेवत जा, उठायच्या आधी दोन दाणे तोंडात टाकले की जीव थाऱ्यावर येतो. अंकितची कंबर कशी आहे? रोज हिंगणघाटला मोटारसायकलवर ये-जा करतो म्हणे. त्याला म्हणावं बुडाखाली उशी घे, लोक हसले तर हसू दे, कंबर लोकांची नाही. तुझ्या सासूबाईंचा, देवकाबाईंचा, गुडघा आता वाकतो का? त्यांना माझा जय भीम सांगू नकोस, या पत्राचंच सांगू नकोस, का ते पुढे कळेल. पण गुडघ्याचं मी मनापासून विचारते आहे. तुमची म्हैस व्यायली का? आणि आमची, म्हणजे तुमची, सुरभी? समोरचे दात पडले का तिचे? पहिलीत गेली, आता अक्षरं जोडून वाचत असेल. वेणी घालताना मान तिरकी करते का अजून? तिची माय तशीच करायची.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. ती मी आज पाळत नाही, बाई. इकडे ठीक नाही.

या पत्राला जी लाल चिंधी बांधली आहे ती फेकू नकोस. साबणानं धुऊन, उन्हात वाळवून घेतली आहे, भिऊ नको. ती कशाची ते सांगते. आणि माझ्या अक्षराला हसू नकोस. मी शाळेत गेले नाही. आमची मयुरी, सुरभीची माय, पहिलीत असताना पाटीवर गिरवायची, तेव्हा मी चुलीपाशी राखेत बोटानं गिरवायची. पुढं तिची सगळी पुस्तकं तिच्या मागोमाग वाचली. ती दहावी झाली तेव्हा मीही झाले, फक्त परीक्षेला कुणी बसवलं नाही.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर मला रडू फुटतं, आणि रडणाऱ्या बाईला माणसं लवकर हो म्हणून मोकळी होतात. मला तसलं हो नको आहे. शिवाय तुमच्या घरात फोन कोण उचलेल याचा भरवसा नाही. अंजू आमच्या शेजारची पोर, तुमच्याच गल्लीत दिलेली. दसऱ्याला दीक्षाभूमीला जायचं म्हणून माहेरी आली आणि राहिली. ती उद्या वडनेरला परत निघते. तिच्या हाती हे देते आहे. तू नळावर एकटी भेटशील तेव्हाच देईल, तेवढं शहाणपण तिच्यात आहे. आमचे हे, नानाजी, जेवून आडवे झाले आहेत, तोवर लिहून घेते.

आमच्या अंगणातला हिरवा चाफा गेला, मोनाली. तुझ्या दारात जी वेल आहे ना, तिची ही माय.

मयुरी आठवीत असताना सेलूच्या तिच्या शाळेतल्या बाईंकडून दुधाच्या पिशवीत बोटभर रोप घेऊन आली होती. नानाजींनी ते न्हाणीच्या सांडपाण्यापाशी लावलं. (सुरभी बोलायला लागली तेव्हापासून सगळं घरच त्यांना नानाजी म्हणतं, मीसुद्धा.) तीन वर्षं नुसती पानं. बोर धरणाकडचं जंगल वैशाखात हाडासारखं वाळून जायचं आणि आमची न्हाणी मात्र हिरवीगार, जशी काही तिला कुणी उन्हाळ्याची खबरच दिली नव्हती. नानाजी पोरीला चिडवायचे, "बाईनं तुले फसवलं वो माय. पानं तुले देल्ले अन् फुलं आपल्यापाशी ठेवले." मग एका संध्याकाळी घरभर पिकल्या केळ्याचा वास सुटला. नानाजी शिडी लावून माळ्यावर चढले, पिंपं हलवली, पोती उचकटली, आणि वरून ओरडत होते, "कोनं केळं ठेवलं वो वर? घूस लागन ना!" मयुरी खाली हसून हसून भिंतीला टेकली होती. तिनं त्यांना हाताला धरून न्हाणीपाशी नेलं आणि पानांतलं एक पान दाखवलं. ते पान नव्हतं. पिवळं पडलेलं फूल होतं.

तुला हे मी काय सांगावं, तू रोज बघतेस. हिरवं असताना ते पानासारखंच, वास नाही की काही नाही, नाकासमोर असून दिसत नाही. पण एक गोष्ट तू बघितली आहेस का माहीत नाही. या वेलीला काकडी-दोडक्यासारखे ताणे नसतात. फुलाचा देठच वाकून आकडा होतो, आणि त्या आकड्यानं ती तार धरून वर चढते. फूल गळून जातं, आकडा तिथंच राहतो. वाळून लाकडासारखा होतो, पण धरलेलं सोडत नाही. उद्या सकाळी बघ.

मयुरीची सोयरीक पक्की झाली त्याच आठवड्यात नानाजींनी खालची एक फांदी वाकवून मातीत दाबली आणि तिच्यावर फुटक्या जात्याची पाळ ठेवली. मी म्हटलं, "अजी, लग्नाले सहा महिने आहेत, आतापासून काय?" तर म्हणाले, "म्हणूनच आता. या फांदीले मुळं फुटाले तेवढाच टाईम लागते. पोरीले मायेपासून तोडाले लागते तेवढाच." रोज सकाळी तोंड धुतलं की चूळ त्या दगडावर. लग्नाच्या दिवशी पोरीचं कपाट, पलंग, भांडी टेम्पोत चढली आणि सगळ्यांच्या वर रंगाच्या रिकाम्या बादलीत ते रोप. नवरदेव अंकित हसला, "मामाजी, मले वाटलं बादलीत लाडू आहेत. तं झाड निंघालं!" नानाजी म्हणाले, "लाडू आठ दिवस पुरतात जवाईबापू, हे तुमच्या नातवाईले पुरन." त्या दिवशी सगळे हसले. त्या हसण्यात देवकाबाईही होत्या, हे मला आठवतं. त्या वाईट नाहीत.

मयुरीचं पुढचं तुला माहीत आहे, निदान जेवढं त्या घरात बोललं जातं तेवढं. लहानपणापासून तिचे हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. आम्ही कावीळ समजून याच्याकडे ने, त्याच्याकडे ने, कुणी माळ घाल म्हटलं, कुणी उसाचा रस पाज म्हटलं. सिकलसेल हे नाव तिच्या पोटात सुरभी होती तेव्हा पहिल्यांदा कानावर पडलं. आणि सुरभी दोन वर्षांची होऊन, अंगणभर धावायला लागली तेव्हा मयुरी गेली. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, तुम्हा दोघांच्याही रक्तात हा आजार अर्धा-अर्धा आहे. तुम्हाला काही झालं नाही, पण पोरीत दोन्ही अर्धे एकत्र आले. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर नानाजी स्वतःचा हात उलटा करून मनगटावरच्या निळ्या शिरा बघत बसले होते. कितीतरी वेळ.

मग मयुरीचं म्हणून आमच्याजवळ काय उरलं? सुरभी तुमच्याकडे, ते बरोबरच आहे, लेकरू बापाच्या घरीच वाढावं. गेल्या उन्हाळ्यापासून तीही आली नाही. इकडून परत गेली की रडते म्हणून देवकाबाई पाठवत नाहीत. तेव्हा उरली ही वेल. नानाजी दिवसातून कितीदा तिच्यापाशी जायचे याची गणती नाही. फूल पिवळं पडलं की तोडायचे नाहीत, गळून पडलेलं उचलायचे आणि बंडीच्या खिशात ठेवायचे. भिंतीशी उभं राहून तिच्याशी बोलायचे सुद्धा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आता ती चिंधी. तुझं माहेर तळेगावचं, तुझ्या मामांकडेही कपाशी आहे, तेव्हा तुला ठाऊकच असेल. आमच्या घरात फवारणीचे दोन पंप आहेत. एक किडीच्या औषधाचा, एक तणनाशकाचा. दिसायला जुळे भाऊ. म्हणून तणनाशकाच्या पंपाला लाल चिंधी बांधून ठेवायची. चिंधी दिसली की हात लावायचा नाही, हे आमच्याकडे रांगतं लेकरूही शिकतं. रुपेशनं, आमच्या मुलानं, ती आपल्या हातानं बांधली होती.

यंदा पोळ्याच्या आधी वारावादळ झालं. वेलीची एक मोठी फांदी तारेवरून सुटून लोंबायला लागली, फुलांनी भरलेली. नानाजी बांधायला काहीतरी शोधत होते. सुतळीनं साल कापते, तारेनं तर आणखीच. मऊ कापड हवं होतं. बैलांच्या कोठ्यात गेले, पंपाची चिंधी दिसली, सोडली. आणि त्या चिंधीनं फांदी बांधली. अशी अलगद बांधली, बाई, जशी मयुरीची वेणी बांधायचे. मी निंदणाला लवकर निघायची तेव्हा शाळेच्या वेण्या तेच घालायचे ना तिच्या. दोन फेर, एक गाठ, आणि वरून थोपटायचं.

मग चार दिवसांनी पानांवर पिठ्या ढेकूण दिसला. दरवर्षीसारखा त्यांनी निंबोळ्या कांडून अर्क काढला, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळला, आणि पंप उचलला. तळाशी थोडं काही होतं, त्यांना वाटलं आपलाच मागचा अर्क असेल. पण तो तणनाशकाचा पंप होता; रुपेशनं बांधावर फवारलं होतं आणि पाऊस आला म्हणून उरलेलं तसंच आणून ठेवलं होतं. चिंधी असती तर हात मागे आला असता. चिंधी नव्हती. पानाची वरची बाजू, खालची बाजू, प्रत्येक शेंडा, लेकराला न्हाऊ घालावं तसं त्यांनी त्या वेलीला संध्याकाळभर भिजवलं. मी चहाला हाक मारली तर म्हणाले, "थांब ना, कानामागचं राह्यलं."

आधी कोवळे शेंडे आखडले. मग पानं पिवळी पडली. पोळा होऊन बैलांच्या शिंगांचा रंग उतरायच्या आत सगळी वेल विडीच्या रंगाची झाली. रोग असेल, मुळं सडली असतील, जो येईल तो वेगळं सांगायचा. मग एक दिवस रुपेश कोठ्यात पंप घ्यायला गेला आणि तिथूनच ओरडला, "बाबा, याची चिंधी कुठं गेली?" नानाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी नुसतं बोट केलं न्हाणीकडे. वाळलेल्या पानांत ती तेवढी लाल दिसत होती. रुपेशनं हातातला पंप ठेवला आणि बापाच्या शेजारी खाली बसला.

तेव्हापासून घरात चूल पेटते, एवढंच. चतकोर भाकरीवर हे उठतात. रक्तदाबाची गोळी तोंडात घालतात, आणि मला ती उशीखाली सापडते. रोज सकाळी जाऊन नखानं वेलीचं खोड खरवडतात, सालीखाली हिरवं आहे का पाहतात. आधी कुठंतरी पोपटी रेघ दिसायची, मग नुसतं भुरं. आता त्यांचा हात पोचतो तिथवर सगळं खोड खरवडून झालं. परवा तर स्टुलावर चढले. मी खालून पाय धरून उभी. "उतरा जी, पडान." "थांब, वर पाह्यतो. वर असन." "नाई आता वर काई. उतरा." "तुले काय माहीत? तू पाह्यलं का?" म्हातारा माणूस मेलेल्या वेलीच्या अंगावर हिरवं शोधतो आहे, आणि मी त्याचे पाय धरून उभी आहे. यापेक्षा जास्त काय लिहू? रुपेशनं एकदा ती वाळकी वेल ओढून काढायचा प्रयत्न केला, बापाच्या डोळ्यासमोरून जावी म्हणून. निघाली नाही. आकडे सोडेनात.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. त्यांचं एकच पालुपद. "पोरीले बी मीच देल्लं, अन् वेलाले बी मीच." मी म्हटलं, "पोरीत तं माह्यं बी अर्धं होतं ना?" "तुह्यं कोनाले दिसलं होतं?" "मंग तुमचं तरी कोनाले दिसलं होतं?" तेव्हा मान हलवली. मला वाटलं पटलं. तर थोड्या वेळानं म्हणतात, "रक्ताले चिंधी नोहती, पंचफुला. पंपाले तं होती." मोनाली, याला मी काय उत्तर देऊ? तुला सुचलं तर मला कळव. माझी सगळी पुस्तकं वाचून संपली.

दसऱ्याला अंजू आणि मी एकाच जीपमधून नागपूरला गेलो. नानाजी यंदा आले नाहीत; लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. सिंदी गाव मागे पडलं तेव्हा अंजू माझ्या कानाशी लागली, "काकू, तुमाले सांगू का नको? वडनेरले ते मयुरीताईचा वेल काढून राह्यले. दिवाळी झाली का खोलीचा पाया खोदतात." देवकाबाई म्हणतात म्हणे की त्याच्या वासानं साप येतात, आणि घरात आता लेकरू होणार. जीपमध्ये पोरं गाणी म्हणत होती. पण मला आतून असं झालं की कुणीतरी मला स्टुलावर चढवलं आणि खाली पाय धरायला कुणी नाही.

तर माझं मागणं ऐक. तुझ्या दारची वेल आता त्या वेलीचं शेवटचं जिवंत लाकूड आहे. दुसरीकडे कुठंच नाही. सेलूच्या बाई बदलून गेल्या, त्यांच्या अंगणात आता दुकानं आहेत. बाजारात दुसरं रोप मिळेल, रुपेश आणायलाही निघाला होता. नानाजी म्हणाले, "मंग शेजारची पोरगी आणून तिले मयुरी म्हनू का?" म्हणून तुझ्यापुढे पदर पसरते. जमिनीलगतची एखादी फांदी निवड, पेन्सिलीएवढी जाड. खालच्या बाजूनं तिची साल दोन बोटं हलक्या हातानं सोल. ती जागा मातीत दाब, वर जड दगड ठेव, शेंडा उघडा राहू दे. माती वाळू द्यायची नाही. जड काही तू उचलू नको, दगड अंकितला ठेवायला सांग. मुळं सावकाश फुटतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी बघायचं. तोवर मायवेल तोडली तर दाबलेली फांदीही मरते. म्हणून विनवते, पाया हातभर सरकवता आला तर बघा, नाही तर खोली उन्हाळ्यात बांधा. सापाचं खरं नाही. आमच्याकडे इतकी वर्षं वेल होती, साप आला तो कोंबड्यांच्या खुराड्यात.

तुझ्याकडे मागायचं धाडस मला कुठून आलं तेही सांगते. गेल्या वर्षी मयुरीच्या आठवणीच्या दिवशी, पुण्यानुमोदनाला, तुमच्याकडून कुणी आलं नाही. पण अंजूच्या हाती एक रुमाल आला होता, कोपऱ्यात निळी शिलाई घातलेला. सोडला तर आत पिवळी पडलेली चार फुलं. कुणी पाठवली ते अंजू सांगेना, म्हणे "नको सांगू म्हनलं." अंकितला असलं सुचत नाही, तो भला आहे पण त्याचं लक्ष नसतं. देवकाबाईंना बारीक शिलाई जमत नाही, डोळ्यांमुळे. मला कळलं. त्या दिवशी नानाजींनी रुमालात तोंड घालून विचारलं, "वेलाले पानी कोन देते तिकडं?" मी म्हटलं, "घरची सून देते." म्हणाले, "मंग चांगली आहे." तुझ्या लग्नाचं आम्हाला लग्न झाल्यावर कळलं. तुला ओटी, लुगडं काही दिलं नाही. पण मी त्या दिवसापासून तुला मनात आपल्यात धरली आहे. सवतीचं झाड कुणी जगवतं का गं? तू जगवलंस.

आता ज्यासाठी खरोखर बसले ते लिहिते. फांदीसाठी एवढं लांब पत्र लागत नाही, चार ओळी पुरल्या असत्या. अंजूनं जीपमध्ये दुसरीही गोष्ट सांगितली, तुला तिसरा महिना लागल्याची. मोनाली, मयुरीच्या वेळी अंकितचंही रक्त तपासलं होतं. मी तिथंच होते. त्याच्यातही अर्धं निघालं. त्यानं अंकितला काही होत नाही, त्याचा काही दोषही नाही, आणि सुरभीच्या नशिबानं तिच्यात अर्धंच उतरलं. पण तुझ्या रक्तातही अर्धं असेल, तर लेकरात पुरं उतरू शकतं. उतरेलच असं नाही, उतरू शकतं. हे तुला कुणी सांगितलं आहे का? अंजूला वाटतं, नाही. रुपेशनं गेल्या आठवड्यात अंकितला फोन केला होता, तो "पाहतो" म्हणाला, आणि देवकाबाईंनी फोन हातातून घेतला. म्हणाल्या, आमच्या घरच्या रक्ताला नावं ठेवाल तर नातीचं तोंड पुन्हा दिसणार नाही. त्यांच्यावर रागावू नको, भ्यालेलं माणूस असंच बोलतं. तुझी माय असती तर हे तिनं विचारलं असतं, मी लिहिलं नसतं. वडनेरच्या दवाखान्याच्या आशाताईला गाठ, सिकलसेलची तपासणी करायची आहे म्हण, अंकितच्या रक्तात आहे हेही सांग, आणि पुढच्या महिन्यावर ढकलू नको. बहुतेक तुझ्यात काही निघणार नाही. मग या म्हातारीला पोटभर शिव्या दे, मी आनंदानं खाईन. निघालंच, तर तुझे डॉक्टर पहिल्या दिवसापासून जागे राहतील. आमच्यासारखे माळा घालत फिरणार नाहीत. मला ठाऊक आहे, देवकाबाईंना हे कळलं तर फांदी मिळायची नाही, आणि सुरभीही. वेल दिवाळीच्याही आधी तोडतील. तोडू दे. सगळा विचार करून लिहिते आहे. आज सकाळी मी त्या वाळक्या फांदीची चिंधी सोडायला गेले. गाठ सुटेना, दातांनी सोडली. नानाजी ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "काहाले नेऊन राह्यली ते?" मी त्यांना तुझं सांगितलं, अंकितच्या रक्ताचंही, आणि मग फांदीची आशा धरू नका असंही सांगितलं. ते उठून आले, चिंधी माझ्या हातातून घेतली, तिच्यावरची धूळ झटकली आणि परत दिली. "बांध," म्हणाले. "दोन फेर दे. सुटू नोको देजो." तशीच बांधली आहे बघ. फांदीचं काही लिहू नकोस, माय. तपासून आले, एवढीच एक ओळ लिही, पण लवकर लिही. अंजूच्या हाती दे, नाही तर पोस्टात टाक. मी रोज दारात उभी राहीन.

तुझीच,
पंचफुला
(सुरभीची आजी, आणि तू म्हणशील तर तुझ्या लेकराचीही)